स्वस्त गाडीतही 'ईएससी' का हवे? बेस मॉडेल घेण्याआधी एवढे वाचा

शिरड शहापूर (ता. औंढा नागनाथ) : नवी गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडे प्रश्न ठरलेले असतात. अॅव्हरेज किती देते? एसी बरा आहे का? हप्ता किती बसतो? अलीकडे एअरबॅग किती, हेही लोक विचारायला लागलेत, ही चांगली गोष्ट आहे. पण गाडी घसरायला लागल्यावर तिला रस्त्यावर धरून ठेवणारी यंत्रणा आहे की नाही, हे विचारणारे अजून कमीच. त्या यंत्रणेचे नाव इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी. काही कंपन्या तिलाच ईएसपी म्हणतात. होंडाच्या गाडीत व्हीएसए आणि टोयोटाच्या गाडीत व्हीएससी असे नाव दिसेल. नावे वेगळी असली तरी काम एकच.

एअरबॅग धडक झाल्यावर कामाला येते. ईएससी धडक होण्याच्या आधीच्या एक-दोन सेकंदांत काम करते. ही यंत्रणा फक्त टॉप मॉडेलमध्ये असावी की सगळ्यात स्वस्त गाडीच्या बेस मॉडेलमध्येही कंपनीकडूनच यावी, हा प्रश्न शहरापेक्षा आपल्या भागासाठी जास्त महत्त्वाचा आहे. का, ते पाहू.

आपल्या रस्त्यावर गाडी कशी हातातून जाते

औंढा ते वसमत या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. गावांना जोडणारे बरेच रस्ते एकेरी. डांबर वर आणि साइडपट्टी खाली. समोरून ट्रक किंवा एसटी आली की आपण डावीकडे दबतो आणि डावी दोन चाके डांबरावरून खाली मातीत उतरतात. इथपर्यंत काही बिघडलेले नसते. बिघडते ते पुढे. चालक घाबरून स्टेअरिंग जोरात उजवीकडे ओढतो. खाली उतरलेली चाके डांबराच्या कडेला अडतात आणि एकदम वर चढतात. गाडी तिरपी होऊन थेट समोरच्या बाजूला जाते. मग चालक पुन्हा डावीकडे ओढतो, मागचा भाग झोकांडी खातो आणि गाडी शेतात उलटते किंवा समोरच्या वाहनावर जाते.

दुसरा प्रसंग उसाच्या हंगामातला. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते. त्यावर दव पडले किंवा पावसाची एखादी सर आली की रस्ता साबणासारखा होतो. वळणावर पुढची चाके वळवलेली असतात, पण गाडी सरळच जात राहते.

तिसरा प्रसंग तर रोजचाच. रस्त्यात अचानक म्हैस, कुत्रा, रोही किंवा आडरस्त्याने आलेली मोटारसायकल. चालक गाडी एका बाजूला काढतो आणि लगेच परत आणतो. या दोन झटक्यांत उंच, अरुंद आणि माणसांनी भरलेली छोटी गाडी तोल सोडते.

तिन्ही प्रसंगांत चालकाची चूक असतेच असे नाही. आणि तिन्हीत ईएससी उपयोगी पडते.

ईएससी काम कसे करते

गाडीच्या चारही चाकांवर वेग मोजणारे सेन्सर असतात. स्टेअरिंग किती फिरवले हे मोजणारा एक सेन्सर असतो. गाडी स्वतःभोवती किती वळतेय आणि बाजूला किती सरकतेय हे मोजणारा आणखी एक असतो. यंत्रणा सतत दोन गोष्टी ताडून बघते : चालकाला कुठे जायचे आहे आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चालली आहे. दोन्हींत फरक पडला की ती एखाद्याच चाकाला ब्रेक लावते. गरज पडली तर इंजिनची ताकदही कमी करते.

उदाहरण घ्या. डावीकडच्या वळणावर गाडी न वळता सरळ निघाली, तर यंत्रणा मुख्यतः आतल्या बाजूचे, म्हणजे डावे मागचे चाक धरते. त्यामुळे गाडीचे नाक वळणाकडे ओढले जाते. उलट मागचा भाग बाहेर फेकला जायला लागला, तर बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक धरते आणि गाडी सरळ होते. चालकाच्या पायाखाली ब्रेकचे पेडल एकच असते. चार चाकांना वेगवेगळा ब्रेक लावणे कितीही मुरलेल्या ड्रायव्हरला जमणारे नाही.

एबीएस आणि ईएससी यांत अनेकांची गल्लत होते. जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणे हे एबीएसचे काम. त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही स्टेअरिंग चालते. ईएससी मात्र चालकाने ब्रेकला पाय लावलेला नसतानाही काम करते. एबीएस हा तिचा पाया आहे, पण एबीएस आहे म्हणजे ईएससी आहेच असे नाही.

महागड्या गाडीतून छोट्या गाडीत

बॉश कंपनीची ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास या महागड्या गाडीत पहिल्यांदा आली. छोट्या गाडीपर्यंत ती पोहोचली एका फजितीमुळे. १९९७ मध्ये मर्सिडीजने ए-क्लास ही लहान आणि उंच गाडी बाजारात आणली. स्वीडनमध्ये रस्त्यावर अचानक मूस, म्हणजे मोठे हरीण, आडवे येते. ते चुकवताना गाडी कशी वागते याची एक चाचणी तिथे घेतली जाते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या एका मोटार मासिकाच्या चाचणीत ए-क्लास उलटली आणि जगभर बोभाटा झाला. कंपनीने गाडी परत घेऊन सुधारली आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ही यंत्रणा बसवून दिली. छोट्या आणि उंच गाडीलाच तिची जास्त गरज आहे, हे तेव्हा सगळ्यांना कळले. आपल्याकडे मूस नाही, पण रोही आणि म्हैस आहे.

पुढे कायदे आले. अमेरिकेने २००७ मध्ये नियम केला आणि सप्टेंबर २०११ पासून सगळ्या नव्या कारना ईएससी सक्तीचे झाले. युरोपात नोव्हेंबर २०११ पासून नव्या मॉडेलना आणि नोव्हेंबर २०१४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ते लागू झाले.

नियम करताना अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने हिशोब मांडला होता. दुसऱ्या वाहनाशी धडक न होता गाडी एकटीच घसरून किंवा उलटून होणारे अपघात ईएससीमुळे कारमध्ये ३४ टक्के आणि एसयूव्हीमध्ये ५९ टक्के कमी होतील, असा त्यांचा अंदाज होता. हे आकडे तिथल्या रस्त्यांचे आणि तिथल्या गाड्यांचे आहेत. ते जसेच्या तसे हिंगोली जिल्ह्याला लावता येणार नाहीत. पण टायर आणि डांबर यांच्यातली पकड सगळीकडे एकाच नियमाने चालते.

भारतात नियम कुठवर आला

२०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून बघितल्या. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य स्टार मिळाले. तिथून पुढे बरेच बदलले. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारमध्ये एबीएस सक्तीचे झाले. त्याच वर्षी जुलैपासून चालकाची एअरबॅग आली. २०२१ संपता संपता पुढच्या दोन्ही एअरबॅग सगळ्या कारमध्ये आल्या. डिसेंबर २०१८ मध्ये पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली ती टाटाची नेक्सॉन, आपल्याच राज्यात रांजणगावला तयार होणारी.

ईएससीसाठी भारतीय मानकही तयार आहे, एआयएस-१३३ नावाचे. पण एबीएससारखी सरसकट सक्ती कारच्या ईएससीवर आलेली नाही. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या आपल्या स्टार योजनेत मात्र ईएससीला जागा आहे. तीन किंवा त्याहून जास्त स्टार हवे असतील तर गाडीत ईएससी असावे लागते. ही योजना ऐच्छिक आहे. जी कंपनी गाडी चाचणीला देत नाही, तिला ही अटही लागत नाही.

बाजार मात्र कायद्याच्या पुढे गेला आहे. मारुती सुझुकीने ऑगस्ट २०२४ मध्ये अल्टो के१० आणि एस-प्रेसो या आपल्या सगळ्यात स्वस्त गाड्यांच्या सर्व मॉडेलमध्ये ही यंत्रणा द्यायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या कारवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा एस-प्रेसोची सुरुवातीची शोरूम किंमत साधारण साडेतीन लाख रुपये होती. म्हणजे साडेतीन लाखांच्या गाडीत ईएससी बसते आणि ती गाडी विकलीही जाते. "स्वस्त गाडीत हे परवडत नाही" या म्हणण्याला याहून सरळ उत्तर नाही.

"गाडी महाग होईल, माणूस मोटारसायकलवरच राहील"

विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा हा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. २०२२ मध्ये सहा एअरबॅगच्या सक्तीची चर्चा होती, तेव्हा मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनीही याच अंगाने आक्षेप घेतला होता. किंमत वाढली तर मोटारसायकलवरून कारकडे येणारे कुटुंब मोटारसायकलवरच राहील आणि तिथे धोका जास्त आहे.

धोका खरा आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. नवरा-बायको आणि दोन लेकरे एका मोटारसायकलवर पावसात परभणीला निघालेली आपण रोज बघतो. त्यांना चार चाकी मिळणे हीच मोठी सुरक्षा आहे.

पण ईएससीचा खर्च वेगळा मोजावा लागतो. एबीएस आधीच सक्तीचे असल्यामुळे चाकांचे सेन्सर आणि ब्रेकचे युनिट गाडीत असतेच. वर लागतात ते स्टेअरिंगचा आणि गाडीच्या वळण्याचा सेन्सर, थोडे वाढीव ब्रेक युनिट आणि त्याचे सॉफ्टवेअर. अमेरिकेच्या त्याच २००७ च्या हिशोबात एबीएस असलेल्या गाडीत ईएससी बसवायचा खर्च सरासरी १११ डॉलर धरला होता. त्या वेळच्या दराने साडेचार ते पाच हजार रुपये. सात वर्षांच्या कर्जावर हा भार महिन्याला शंभर रुपयांच्या आत बसतो. टचस्क्रीन आणि सीट कव्हरवर आपण याच्या कितीतरी पट खर्च करतो.

खरी अडचण निराळी आहे. ईएससी फक्त वरच्या मॉडेलमध्ये दिले, की ते मिळवण्यासाठी अलॉय व्हील, मोठा स्क्रीन, बटन स्टार्ट हे सगळेच घ्यावे लागते आणि फरक लाखाच्या घरात जातो. यंत्रणा महाग नसते. तिच्याबरोबर बांधून दिलेली चैन महाग असते. म्हणून ती सगळ्या मॉडेलमध्ये असणे हाच स्वस्तातला मार्ग आहे.

आधी रस्ते नीट करा ना!

हाही प्रश्न येतो आणि रास्त आहे. साइडपट्टी भरली, वळणावर फलक लागले, खड्डे बुजले तर अपघात कमी होतीलच. ते मागत राहिलेच पाहिजे. पण गावोगावचे सगळे रस्ते नीट व्हायला किती वर्षे लागतात हे आपल्याला माहीत आहे. आज विकत घेतलेल्या कारची नोंदणी १५ वर्षे चालते. या १५ वर्षांत ती याच रस्त्यांवरून फिरणार आहे. शिवाय एक वाट चांगली झाली म्हणून काम संपत नाही. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. त्या वेगात टायर फुटला किंवा पाण्यावरून गाडी सरकली तर ईएससीची गरज कमी होत नाही, वाढते.

जुन्या गाडीचा हिशोब

आता सगळ्यात महत्त्वाचे. आपल्या भागात नवी गाडी घेणारे आहेत, पण सेकंड हँड घेणारे त्याहून जास्त दिसतील. पुणे, छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडमध्ये कोणीतरी नवी घेतलेली गाडी सात-आठ वर्षांनी आपल्याकडे येते. एमएच ३८ पासिंगच्या गाड्यांमध्ये एमएच १२ आणि एमएच २० च्या गाड्या किती दिसतात, ते औंढ्याच्या यात्रेत उभे राहून मोजा.

याचा अर्थ असा, की शहरातला माणूस आज बेस मॉडेलमध्ये काय घेतो त्यावर दहा वर्षांनी गावात कोणती गाडी चालेल हे ठरते. आज ईएससीशिवाय विकली गेलेली प्रत्येक गाडी पुढे आपल्याच साइडपट्टीवर उतरणार आहे. एअरबॅग, एबीएस किंवा ईएससी जुन्या गाडीत गॅरेजवर बसवता येत नाही. टेप बसवतो तसे हे काम नाही. कारखान्यातून आले तर आले, नाहीतर त्या गाडीच्या जन्मात नाही.

म्हणून हा विषय कंपनीच्या मर्जीवर ठेवणे पुरेसे नाही. आज सगळ्या मॉडेलमध्ये दिलेली गोष्ट उद्या खर्च कमी करायचा म्हणून काढताही येते. एबीएस आज कोणी काढू शकत नाही, कारण तो नियम आहे. ईएससीही त्याच रांगेत बसायला हवे. मानक तयार आहे, सुटे भाग मिळतात आणि स्वस्त गाडीत ते बसतात हेही सिद्ध झाले आहे. उरली आहे फक्त तारीख.

ईएससी काय करू शकत नाही

ही यंत्रणा जादू नाही. टायरला जेवढी पकड आहे तेवढ्यातच ती काम करते. टायर गुळगुळीत झालेले असतील तर तिच्या हातात काही उरत नाही. साठच्या वळणावर शंभरने गेलात तर तीही वाचवू शकत नाही. दारू पिऊन चालवणे, वळणावर ओव्हरटेक, पाच जणांच्या गाडीत नऊ जण यावर तिच्याकडे इलाज नाही.

पट्ट्यालाही पर्याय नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज धडकली. गाडी महागडी आणि सगळ्या सोयींची होती. मागच्या सीटवरच्या दोघांचाही मृत्यू झाला. त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवरही पट्टा लावणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तो न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. दंडाचा विचार नंतर करा, आधी पट्टा लावा.

गाडी घेताना हे तपासा

१. शोरूममध्ये "सेफ्टी सगळी आहे" या उत्तरावर थांबू नका. छापील ब्रोशरमधला मॉडेलनिहाय तक्ता मागा आणि तुम्ही घेताय त्याच मॉडेलच्या रकान्यात ईएससी किंवा ईएसपीसमोर खूण आहे का बघा. "एबीएस विथ ईबीडी" म्हणजे ईएससी नव्हे.

२. चावी ऑन करा. मीटरमध्ये घसरणाऱ्या कारचे चित्र, म्हणजे कार आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेषा, असा पिवळा दिवा दोन-चार सेकंद लागून विझला पाहिजे. दिवा लागलाच नाही तर यंत्रणा नाही किंवा कोणीतरी दिवाच काढून टाकलाय. विझलाच नाही तर बिघाड आहे.

३. सेकंड हँड गाडीत चारही टायर एकाच मापाचे आहेत ना, ते बघा. वेगवेगळ्या मापाच्या टायरमुळे चाकांच्या वेगाचा हिशोब चुकतो आणि यंत्रणा गोंधळते.

४. सेन्सरच्या वायरी उंदराने कुरतडल्या आहेत का, हे मेकॅनिकला खालून बघायला सांगा. गोठ्याजवळ किंवा आखाड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत हा त्रास नेहमीचा आहे.

५. स्टेअरिंगचे मोठे काम झाले असेल तर सेन्सर पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. ते केले आहे का, विचारा.

चालवताना लक्षात ठेवा

गाडी चालू असताना तो पिवळा दिवा लुकलुकला तर घाबरू नका, यंत्रणा काम करतेय. पण तो इशाराही आहे : वेग जास्त झालाय किंवा रस्ता घसरडा आहे. अॅक्सिलरेटर सोडा. दिवा कायम लागून राहिला तर गाडी चालेल, पण ईएससी बंद आहे असे समजून सावकाश चालवा आणि लवकर दाखवून घ्या.

शेताच्या वाटेवर चाके चिखलात रुतली, तर यंत्रणा इंजिनची ताकद कमी करते आणि गाडी निघत नाही. अशा वेळी बटन असेल तर तेवढ्यापुरते बंद करा. डांबरावर आलात की आठवणीने पुन्हा चालू करा.

आणि डावी चाके साइडपट्टीवर उतरली तर स्टेअरिंग ओढू नका. दोन्ही हातांनी सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा, वेग कमी होऊ द्या. मागून-समोरून कोणी नाही हे बघून हळूच वर घ्या. गाडीत ईएससी असो वा नसो, ही सवय सगळ्यांना लागू आहे. घरात नुकताच परवाना मिळालेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर मोकळ्या रस्त्यावर शेजारी बसून हे एकदा सावकाश करून घ्या.